वामनभाऊंचे शीड

वामनभाऊ कळंबे रस्त्यात भेटले की आधी नमस्कार करत नसत. तर्जनी तोंडात घालून ओली करत, ती डोक्याच्या वर धरत आणि विचारत, "बाई, वारा कुठून आहे?" पांढुर्ण्यात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नसे. तिथे कापसाचा भाव विचारत, संत्र्याला बहार कसा धरला ते विचारत, नागपूरची पॅसेंजर किती लेट आहे ते विचारत. मी जिनिंगच्या धुराकडे बघून अंदाजाने सांगे, "पश्चिमेचा वाटतो." ते मान हलवत, "नोंद घेतली" म्हणत आणि मग नमस्कार करत.

मुलांनो, मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर सांगितलेत की तिथल्या तळ्यावर तुम्ही दोघे यॉट चालवायला शिकता आहात, आणि आपल्या घरात कोणी कधी असल्या बोटीत बसले होते का, असे विचारलेत. मी "हो, मी बसले होते" म्हणाले तर तुम्ही हसलात. म्हणून हे लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे गोंधळ होणार नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तुमचे आजोबा इरिगेशन खात्यात होते आणि आमची बदली पांढुर्ण्याला झाली होती. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तुमचे बाबा शाळेत, आणि नळाला पाणी दिवसाआड. त्या वर्षांचा विचार केला की मला पहिल्यांदा थकवाच आठवतो. सकाळी उठतानाच मी दमलेली असे. शेजारच्या घरात वामनभाऊ आणि त्यांची बायको सुभद्राताई राहत. त्यांना मूल नव्हते.

वामनभाऊ नौदलातून निवृत्त होऊन नुकतेच गावी परतले होते, म्हणून गाव त्यांना कप्तान म्हणे. ते स्वतः कोणालाही स्पष्ट सांगत, "कप्तान नाही हो, मी रायटर होतो. रायटर म्हणजे कारकून." लोकांना तो विनय वाटे. प्रत्यक्षात ती अगदी खरी गोष्ट होती. सगळी नोकरी त्यांनी कोचीन आणि विशाखापट्टणमला जमिनीवरच्या ऑफिसात, टाइपरायटरपुढे काढली होती. जहाजावर ते जेव्हा जेव्हा चढले तेव्हा त्यांना उलट्या झाल्या. त्यांचे सगळे बोलणे कारकुनी होते. पाऊस लांबला तर "अजून वरून मंजुरी नाही." भाजी करपली तर "मामला हाताबाहेर गेला." आणि कुठलीही अडचण आली की "पेंडिंग ठेवू. घाई करून फाइल पुढे सरकत नाही."

त्यांच्या ऑफिसच्या खिडकीतून बंदर दिसे. संध्याकाळी अधिकारी लोक पांढऱ्या शिडांच्या यॉट घेऊन निघत. हे खिडकीत उभे राहून बघत. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत ते घरी आले तेव्हा त्यांनी सुभद्राताईंना ते सगळे वर्णन करून सांगितले आणि कबूल केले की तुला तिकडे नेईन आणि तशा बोटीत बसवीन. मग क्वार्टर मिळाले तेव्हा सासरे आजारी होते. सासरे गेले तेव्हा सासू पडली. दर वर्षी "पुढच्या वर्षी" होत गेले. सुभद्राताईंनी वीस वर्षांहून जास्त काळ पांढुर्ण्यातच काढला. सौंसरजवळचे माहेर आणि जामसांवलीचा मारुती, एवढाच त्यांचा प्रवास. आणि वामनभाऊ कायमचे परत आले तोवर त्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. जामसांवलीसुद्धा बंद झाले.

"समुद्र काही इथे आणता येत नाही," वामनभाऊ मला म्हणाले. "पण बोट आणता येते. ते कलम मोकळं आहे."

कोचीनच्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली दोन माणसांची एक जुनी यॉट त्यांनी ओळखीतून मिळवली. ती मालगाडीने पांढुर्णा स्टेशनला आली. मालधक्क्यावरचे हमाल तिच्याभोवती गोळा झाले. एकाने विचारले, "साहेब, पीठ मळायची एवढी मोठी काथवट कोणाच्या लग्नासाठी?" वामनभाऊ म्हणाले, "यॉट म्हणतात याले." हमाल म्हणाला, "बरं, म्हणजे डोंगा." बैलगाडीवर ती आडवी घालून बाजारातून नेताना गाव दुतर्फा उभे होते. काही बायकांनी तिला हळदकुंकू वाहिले. काय आहे हे कोणालाच नीट कळले नव्हते, पण एवढी मोठी वस्तू घरी येते तर कुंकू लावावे, असे त्यांना वाटले असणार.

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाताना रस्त्यापासून आत इरिगेशनचा एक तलाव होता. तुमच्या आजोबांनी तिथे बोट ठेवायला परवानगी दिली. "बुडालात तर मला काही ठाऊक नाही," असे वर सांगितले. प्रश्न एवढाच होता की वामनभाऊंना यॉट चालवता येत नव्हती. बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आले होते, कव्हर फाटलेले. ते घेऊन ते माझ्याकडे आले.

"बाई, इंग्रजी मले येते, पण हे इंग्रजी सरकारी नाही. एकेक शब्द अंगावर येऊन राहिला. तुम्ही वाचा, मी करतो."

अशी माझी रविवारची ड्यूटी सुरू झाली. आजोबा जीपने धरणाची पाळ बघायला जात, त्यांच्याबरोबर मी जाई. पाळीच्या खाली एक बाभूळ होती, तिच्या सावलीत सतरंजी टाकून बसे. मोठ्याने वाचे, लगेच मराठीत सांगे, आणि वामनभाऊ अर्धी विजार वर खोचून ते करून बघत. खरे सांगायचे तर आठवड्यात मी बसत असे ती एवढ्याच वेळात. म्हणून मी कधी नाही म्हणाले नाही.

"बोटीत चढताना पाय मधोमध ठेवावा," मी वाचले.

"हुकूम समजला," ते म्हणाले आणि पाय कडेला ठेवला. बोट कलंडली, ते पाठीवर पाण्यात पडले. उठून त्यांनी डोक्यावरचे शेवाळ काढले. "मधोमध म्हणजे आपल्या मधोमध की बोटीच्या?"

"बोटीच्या."

"तसं स्पष्ट लिहायला पाहिजे. पेंडिंग ठेवा. पुढचं वाचा."

बोटीचे मूळ शीड मालधक्क्याच्या गोदामात उंदरांनी खाल्ले होते. नवे शीड गावातल्या बिछायतवाल्या गफूरभाईंनी शिवून दिले होते. लग्नाचे मांडव, कनाती, शामियाने शिवणारा दुसरा माणूस गावात नव्हता. शीड पांढरेशुभ्र, ताठ, चारी अंगांनी दुहेरी शिवण घातलेले. फुगलेल्या पदराऐवजी ते दारासारखे दिसे, पण त्यात काही चुकते आहे असे आम्हा कोणाच्या मनात आले नाही.

पूर्ण उन्हाळा असा गेला. दुपारनंतर पश्चिमेचा गरम वारा सुटे. आम्ही पश्चिमेच्या काठाला, म्हणून तो वारा वामनभाऊंना ढकलत सरळ समोरच्या काठाला नेई. त्यात विशेष काही नव्हते, तिथे एखादी परातसुद्धा पोहोचली असती. पण पुस्तकात लिहिले होते की वाऱ्याच्या समोरून परत यायचे तर थेट येता येत नाही. तिरके जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरके, अशी नागमोडी वाट काढत यायचे. मी हे मराठीत सांगे, मातीत काडीने आकृती काढून दाखवे. ते आकृतीप्रमाणे सुकाणू धरत, शिडाची दोरी ओढत. बोट पुढे न येता आडवीच सरकत राही आणि पुन्हा त्याच काठाला लागे. मग वामनभाऊ खाली उतरून, बोटीच्या नाकाला दोर बांधून, कमरेएवढ्या चिखलातून तलावाला वळसा घालत ती ओढून आणत. संध्याकाळ होई. पायांना जळवा लागलेल्या असत.

समोरच्या काठावर शेते होती. तिथल्या लोकांना दर रविवारी करमणूक झाली. गवत कापणारी एक म्हातारी त्यांना दर वेळी विचारी, "काहून हो साहेब, जाताना बसून अन् येताना पायी? आमचे बैल बी असे नाई करत."

"सरावात आहे, माय," ते सांगत.

"सराव करा, करा. पण जेवून येत जा. लय वाळून राहिले तुमी."

घरी आल्यावर सुभद्राताई ओट्यावर बसलेल्या असत. त्यांना बोलताना दम लागे, म्हणून त्या थोडे बोलत, पण ते थोडे पुरेसे असे. एकदा त्या मेथी निवडत होत्या. मला म्हणाल्या, "आज कुठवर गेले?"

"त्या काठापर्यंत."

"अन् परत?"

वामनभाऊ नळाखाली पाय धूत होते. तेच म्हणाले, "जाता येते. परत येता येत नाही अजून."

"ते मले लगनापासून माहीत आहे," सुभद्राताई म्हणाल्या आणि मेथीची काडी मोडली.

वामनभाऊ पाय धूतच राहिले. पण मला त्या दिवशी कळले की ते का थांबत नव्हते. तिला बोटीत बसवून त्या काठाला नेले आणि परत आणता आले नाही, तर ती चिखलातून चालू शकणार नव्हती. उतरवून बैलगाडीने आणायची, तर मग कबूल केलेल्या गोष्टीला काय अर्थ राहिला? ते म्हणत, "रिटर्न जर्नी मंजूर झाल्याशिवाय मी तिले बसवणार नाही." आणि वेळ किती आहे हे कोणालाच माहीत नव्हते. डॉक्टर दर खेपेला गोळ्या वाढवत होते.

एकदा दुपारी सुभद्राताई एकट्याच असताना मी गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमाले सांगतो. मले डोंग्याचं काई नाई. यायची नोकरी पाण्यापाशी गेली, आता पेन्शनीत बी पाण्यापाशीच जाऊन राहिले. मी तवा बी एकटी बसत होती, आता बी बसतो. पण सांगू कशी? त्यायच्या जिवाले लागून राहिलं ना ते." मग थोड्या वेळाने, "तुमी नोका सांगू हां."

मी सांगितले नाही. सांगून काय झाले असते, हेही मला कळत नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडाशी, पुस्तकाच्या मागच्या पानांत, शिडांबद्दलचे प्रकरण मी वाचले. तोवर आम्ही ते सोडून दिले होते, कारण शीड तर आपल्याकडे होतेच. त्यात लिहिले होते की चांगले शीड सपाट नसते. त्याला पोट असावे लागते, तरच ते वाऱ्याला धरून बोट पुढे ओढते. सपाट शीड वाऱ्यापुढे जाईल, पण वाऱ्याविरुद्ध चढणार नाही. मी ते दोनदा वाचले. वामनभाऊंनी शिडावर हात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे चार महिने मी चुकीच्या टेबलावर अर्ज करून राहिलो होतो."

आम्ही गफूरभाईंकडे गेलो. त्यांनी शीड पसरून पाहिले, बोटांनी शिवण चाचपली आणि ते दुखावले.

"भाऊ, पंचवीस साल झाले, माझ्या मांडवाले झोळ नाही आला. झोळ म्हणजे बेइज्जती. पाणी साचते त्यात, मग वऱ्हाडाच्या डोक्यावर पडते. तुमी म्हणता मुद्दाम झोळ ठेव. उद्या लोक विचारतील, हे कोणाचं काम?"

"माझं नाव सांगा," वामनभाऊ म्हणाले.

"तुमचं नाव सांगून माझा हात बदलत नाही ना."

त्यांनी शेवटपर्यंत ते केले नाही. शीड गुंडाळून आम्ही घरी आलो. वामनभाऊंनी ते अंगणात पसरले आणि त्याच्याभोवती फिरत राहिले. सुभद्राताई ओट्यावरून बघत होत्या. मी त्यांना सांगितले की पुस्तकात असे असे लिहिले आहे, कापडाला पोट पाहिजे, आणि गफूरभाई ऐकत नाहीत.

"त मग त्यात काय आहे," त्या म्हणाल्या. "चोळी सपाट शिवली त अंगात बसल का? टक्स घ्या लागते. इथून घ्या, अन् इथून. कापड आपोआप फुगते." त्यांनी स्वतःच्या खांद्यापासून छातीपर्यंत बोट नेऊन दाखवले. वामनभाऊ लाजून दुसरीकडे बघू लागले. आणि त्या म्हणाल्या, "तिकडे काय पाहून राहिले? इकडे या. माझी मशीन खाली काढा."

त्यांची मशीन हाताची होती, चाक हाताने फिरवायची. डॉक्टरांनी त्यांना ते फिरवायला मनाई केली होती. म्हणून वामनभाऊ चाक फिरवायला बसले आणि सुभद्राताई कापड सरकवत. जाड कनातीचे कापड, त्यात प्रत्येक पट्ट्याच्या जोडावर टक्स. सुया मोडत. थोडे शिवले की त्या दमत, मग दोघेही मशीनपाशीच भिंतीला टेकून बसत. पूर्ण आषाढ आणि श्रावण असा गेला. बाहेर पाऊस, तलावावर जाणे बंद, आणि शेजारून मला दिवसभर त्यांचे बोलणे ऐकू येई.

"हळू. हळू फिरवा. हे काई टाइपरायटर नाई."

"टाइपरायटर असतं त आतापर्यंत तीन प्रती निघाल्या असत्या."

"एकच धड काढा आधी. थांबा. थांबा म्हटलं ना! बोट गेलं असतं माझं."

"सॉरी."

"सॉरी त्या गोऱ्या बायाईले म्हणा, कोचीनच्या."

"गोऱ्या नव्हत्या तिथं."

"मंग कोण होत्या?"

"फाइली होत्या. फाइलीच."

मग चाकाचा आवाज पुन्हा सुरू होई. मी भाजी चिरता चिरता थांबून ऐकत असे. सुभद्राताई वीस वर्षांत बोलल्या नसतील एवढे त्या दोन महिन्यांत बोलल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांना उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार तुम्ही ऐकली आहे. त्या दिवशी इतर कामे बंद असतात. मला ते दगड बघवत नसत. म्हणून सासूबाईंपाशी कामवाल्या बाईला बसवून मी वामनभाऊंबरोबर तलावावर गेले. आजोबांची बंदोबस्ताशी संबंधित काही कामे होती, ते आम्हाला जीपने सोडून परत गेले. तलाव काठोकाठ भरला होता. समोरच्या शेतांत एक माणूस नव्हता, गवतवाली म्हातारीही नव्हती. हसायला कोणी नाही म्हणून वामनभाऊ खुशीत होते.

नवे शीड चढवले तसे ते भरले. एखाद्या गरोदर बाईसारखे ते गोल झाले. बोट समोर गेली, वळली, आणि मग मी जन्मात पाहिले नव्हते असे काहीतरी झाले. ती वाऱ्याच्या तिरकी, एका अंगावर कलून, पाणी कापत माझ्याकडे येऊ लागली. मधेच अडखळली, शीड फडफडले, वामनभाऊंनी डोके खाली घालून बाजू बदलली, पुन्हा शीड भरले. उजवीकडे तिरके, डावीकडे तिरके, पुन्हा उजवीकडे. ते मातीतल्या आकृतीवरूनच येत होते. बोट दगडांना लागली. दोर ओढून त्यांचे तळहात सोलले होते.

"बाई, कोणी पाहिलं काय?"

"मी पाहिलं."

"बस झालं. आता तिले सांगायचं आहे."

सांगितल्यावर सुभद्राताईंनी त्यांचे तळहात बघितले आणि हळद लावली. "तुमी म्हणता तवा येतो मी," एवढेच म्हणाल्या. पण नवरात्रात त्यांना धाप लागली ती थांबेना. नागपूरला दवाखान्यात ठेवावे लागले. दिवाळी तिथेच झाली. त्या परत आल्या तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी वामनभाऊंना बाजूला घेऊन जे सांगितले, ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितले. "वरून मुदतवाढ नाही."

म्हणून कार्तिकात, दुपारचे ऊन उतरल्यावर, आम्ही त्यांना तलावावर नेले. आजोबांनी त्यांना उचलून बोटीत ठेवले. खाली गोधडी, पाठीला उशी, आणि अंगाभोवती ट्रकची हवा भरलेली ट्यूब. सुभद्राताई त्या ट्यूबकडे बघून म्हणाल्या, "डोहाळजेवणाले बी मले एवढं सजवलं नव्हतं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "झालं असतं तवा ना."

वारा जेमतेम होता. बोट हळूहळू तलावाच्या मध्यापर्यंत गेली आणि वारा पडला. एकदम, दिवा मालवावा तसा. शीड लुळे पडले. पाणी काचेसारखे झाले. वामनभाऊंनी वल्हे उचललेले मला दिसले. आणि स्तब्ध पाण्यावरून आवाज किती लांब येतो हे मला तेव्हा कळले, कारण सुभद्राताईंचा तो दमलेला, बारीक आवाज मला काठावर स्पष्ट ऐकू आला.

"ठेवा ते खाली. कुठी जायाचं आहे?"

"परत नेतो ना तुले."

"बसा उगी."

मग त्या काही काही विचारत राहिल्या. तिकडे जेवण कोण करून देत होते. भात आवडत नव्हता तर काय खात. ताप आला तर कोण पाहत होते. आई गेली त्याची तार मिळाली तेव्हा ते कुठे बसले होते. ते एकेकाचे उत्तर देत होते, आणि त्यात कारकुनी शब्द एकही नव्हता. मला ते ऐकणे बरे वाटेना. मी आणि आजोबा पाळीवर चढून पलीकडच्या उतारावर जाऊन बसलो.

दिवस कलताना पूर्वेकडून थंड झुळूक आली आणि बोट आपोआप आमच्या काठाकडे लागली. सुभद्राताई झोपल्या होत्या. वामनभाऊंनी त्यांचे डोके स्वतःच्या मांडीवर घेतले होते. काठाला लागल्यावर ते हळूच मला म्हणाले, "मागून वारा आला. ते वळवून आणायचं शिकलो होतो, ते तिले दाखवायचंच राहिलं."

माघात सुभद्राताई गेल्या.

त्यानंतर वामनभाऊ घरी राहीनात. दिवसभर तलावावर, आणि हळूहळू रात्रीही तिथेच, चौकीदाराच्या खोलीत झोपू लागले. त्यांचे पुतणे दोनदा जाऊन आले. वामनभाऊंनी त्यांना सांगितले, "येतो." आले नाहीत. घराला कुलूप, आणि ओट्यावर धूळ. पुतणे आजोबांकडे आले, म्हणाले, "साहेब, तुमीच सांगून पाहा. असंच चाललं त काका जातीन." उन्हाळ्यात आमच्या बदलीचा हुकूम आला, जबलपूरचा. ते पुस्तक त्यांच्याबरोबर वाचलेले असे आता तिथे कोणी उरणार नव्हते.

आम्ही निरोप घ्यायला तलावावर गेलो तर काठाला बोट नव्हती. ती समोरच्या काठाला दिसत होती, शीड अर्धे उतरवलेले. चौकीदार म्हणाला, "सकाळधरून तिकडंच आहे ते. जेवाले बी नाई आले." आजोबांनी मला जीपने वळसा घालून तिथे सोडले आणि स्वतः परत पाळीकडे गेले.

वामनभाऊ बोटीत बसले होते. दाढी वाढलेली. पश्चिमेचा वारा चांगला होता.

"वारा आहे," मी म्हणाले. "मग आला का नाहीत?"

"येता येते आता," ते म्हणाले. "पण तिथं उतरून करायचं काय, ते पुस्तकात नाही."

माझे पाय दुखत होते, घरी अर्धे सामान बांधायचे होते, सासूबाईंच्या औषधाची वेळ होत आली होती. मी चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि बोटीत चढले. पाय मधोमध ठेवला. चार महिने पुस्तक वाचले, पण बोटीत मी तेव्हा पहिल्यांदा बसले.

"मला घरी पोहोचवा," मी म्हणाले. "उशीर झाला आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितले. मग शीड पूर्ण चढवले आणि सुकाणूची काठी माझ्या हातात दिली. "मी दोर धरतो. न्यायचं तुम्ही."

मला सगळे पाठ होते आणि हातांना काहीच येत नव्हते. मी काठी एका बाजूला लोटली तर बोट उलट्या बाजूला वळली. शीड फडफडून डोक्यावरून गेले. आम्ही तोंड वाऱ्याकडे करून जागच्या जागी थांबलो. मी घाबरून पुस्तकातले वाक्य इंग्रजीतच म्हणू लागले.

"इंग्रजी राहू द्या," वामनभाऊ म्हणाले. "गालाले वारा कुठी लागून राहिला ते पाहा. हं. आता थोडं आपल्याकडे. थोडंच. धरून ठेवा."

बोट कलली आणि निघाली. पाणी कानापाशी असल्यासारखे वाजू लागले. "आता वळा. डोकं खाली." मी वळले. "पुन्हा." त्यांचा आवाज आधी घोगरा होता, कित्येक दिवस न बोलल्यासारखा, वळणागणिक तो मोकळा होत गेला. दोनदा मी चुकले, एकदा साडी चिंब भिजली, त्यांनी एकदाही काठी माझ्या हातातून घेतली नाही. दिव्याची वेळ झाली तेव्हा आम्ही पाळीला लागलो. ते पाण्यात उतरले, बोट धरून मला खाली उतरवले. मग शीड काढले. सुभद्राताईंचे टक्स चुरगळू नयेत म्हणून त्याची घडी त्यांनी फार हळूहळू घातली. आजोबा आणि मी थांबून राहिलो.

घडी काखेत घेऊन ते जीपपाशी आले. चौकीदाराची खोली दुसऱ्या बाजूला होती.

"साहेब," ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "मले घरी सोडता काय?"

पुढे ते बरीच वर्षे जगले, पुतण्यांच्या मुलांना घेऊन तलावावर जात, असे आम्हाला जबलपूरला कळत राहिले. ते गेले तेव्हा मी जाऊ शकले नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचे शेवटचे जे आहे ते त्या संध्याकाळचेच. रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडी येत होती, लांबलचक. मी मागे वळून पाहिले तर वामनभाऊ मांडीवर शीड घेऊन, मान एका बाजूला टाकून गाढ झोपले होते. गाडी गेली, फाटक उघडले. आजोबांनी जीप अगदी हळू चालवली, आणि त्यांच्या घरासमोर आल्यावर इंजिन बंद करून, त्यांना न उठवता, आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.